दप्तर उघडले, ओसरी अजून अरुंद आहे

(इतिहास मंडळांचे लोकशिक्षण या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावातील इतिहास मंडळाची सभा डोळ्यांसमोर आणावी. संध्याकाळची वेळ, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी, काचेच्या कपाटात दोन-चार नाणी आणि एक गंजलेली तलवार. समोर तीस-चाळीस श्रोते. त्यांतील बहुतेक निवृत्त शिक्षक, वकील, बँकेतील नोकरदार. वक्ता एखाद्या अप्रकाशित पत्राचे वाचन करतो, तारखेविषयी एखादी शंका निघते, तिचे निरसन होते, आभारप्रदर्शन होते आणि मंडळी चहा घेऊन घरी जातात. त्याच वेळी त्या इमारतीबाहेरच्या चौकात एखाद्या जयंतीची तयारी चालू असते. ध्वनिक्षेपक कर्कशपणे वाजत असतो आणि शेकडो तरुण इतिहासातील थोर पुरुषाच्या नावाने घोषणा देत असतात. आत इतिहास आहे, पण लोक नाहीत. बाहेर लोक आहेत, पण त्यांच्या हाती इतिहास म्हणून जे दिले जाते ते कोणी तपासलेले नाही. या दोन दृश्यांमधले अंतर हा केवळ मंडळाच्या चिटणिसाच्या चिंतेचा विषय नव्हे. ज्यांना समाज बदलावयाचा आहे त्यांच्या दृष्टीने तो राजकीय प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करताना आरंभी इतिहास मंडळांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० रोजी झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार घराण्यातील खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे तिचे प्रवर्तक. त्याआधी बारा वर्षे, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता. पुढे तिचे बावीस खंड निघाले. हा मनुष्य गावोगाव पायपीट करीत हिंडला. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, वाळवी लागलेल्या पेट्यांत पडून असलेली दप्तरे त्याने मिळवली, उतरवून घेतली आणि छापली. आपले संशोधन मराठीतच लिहिण्याचा त्याचा निर्धार होता. परक्या सरकारच्या आश्रयाशिवाय आणि परक्या भाषेच्या मान्यतेशिवाय एका पराभूत समाजाने स्वतःच्या भूतकाळाची साधने स्वतः गोळा करावीत, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मंडळाने त्याहून मोलाची एक प्रथा पाडली, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. ती प्रथा म्हणजे सभेत कागद वाचण्याची. कोणीही अभ्यासू गृहस्थाने आपल्याला मिळालेला कागद सभेपुढे ठेवावा, तो कोठे मिळाला हे सांगावे, त्याचा अर्थ लावावा आणि इतरांनी आक्षेप घ्यावेत. त्या चर्चेचा वृत्तांत छापला जावा, म्हणजे सभेला न आलेल्यालाही तो तपासता येईल. वक्त्याचे वय, हुद्दा वा घराणे यांवर मताचे वजन ठरू नये, पुराव्यावर ठरावे, हे त्या प्रथेमागचे तत्त्व होय. ते नेहमीच पाळले गेले असे नव्हे. पण तत्त्व म्हणून ते लोकशाहीचे तत्त्व आहे. याच परंपरेतील ग. ह. खरे यांनी ‘संशोधकाचा मित्र’ या नावाचा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. विद्यापीठाबाहेरच्या माणसालाही जुना कागद वाचता यावा, कालगणना समजावी, साधन पारखता यावे, ही त्यामागची दृष्टी. विद्येची किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यास तयार असणारा विद्वान हा समाजवादी विचाराला जवळचाच वाटला पाहिजे.

सरकारी दप्तराची त्या वेळची स्थिती पाहिली म्हणजे या कामाचे महत्त्व अधिक कळते. पेशव्यांचे प्रचंड दप्तर इंग्रज राजवटीने पुण्यात जपून ठेवले होते. इनामांची चौकशी करून जमीन-महसुलाचे हक्क ठरविण्यासाठी ते कागद राजवटीला हवे होते. पण ज्यांच्या पूर्वजांनी ते लिहिले त्या लोकांतील अभ्यासकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे त्या भांडाराचा काही भाग वाचकांपुढे आला. सत्ता कागद जपते ते स्वतःच्या कामासाठी, आणि लोकांनी मागितल्याशिवाय ती ते उघडत नाही, हा धडा त्या प्रकरणातून घ्यावा असा आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा देशात २००५ मध्ये आला. दप्तर उघडे करा ही मागणी त्याहून पुष्कळ जुनी आहे.

येथपर्यंत कृतज्ञतेचा भाग झाला. आता दुसरी बाजू. कागद मिळाले ते ज्यांच्या घरी कागद होते त्यांच्याकडून. वतनदार, सरदार, इनामदार, कुलकर्णी, देवस्थाने यांच्याकडे सनदा होत्या, हिशेब होते, पत्रव्यवहार होता. ज्या कुणब्याने सारा भरला, ज्या महाराने वेठ केली, ज्या स्त्रीने पहाटे दळण दळून फौजेसाठी भाकरी थापली, तिच्या घरी माळाच नव्हता. मग माळ्यावर दप्तर कोठून असणार? कागदाच्या आधाराशिवाय बोलू नये, हा नियम योग्यच आहे. पण ज्याच्याजवळ कागद नाही त्याला इतिहासच नाही, असा त्या नियमाचा अर्थ होऊ लागला म्हणजे शास्त्राच्या नावाने अन्याय घडू लागतो.

हा आक्षेप आजचा नाही. मंडळाच्या स्थापनेपूर्वी एकेचाळीस वर्षे, १८६९ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला आणि शेतकरी-कष्टकऱ्यांचा राजा म्हणून त्यांना समाजापुढे उभे केले. ग्रंथ न लिहिता त्यांनी पोवाडा लिहिला, कारण ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्यातील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. महाराष्ट्रातील लोकाभिमुख इतिहासाचा आरंभ करावयाचा तर तो तेथून करावा लागेल. पुढे खुद्द राजवाड्यांच्या लेखनात जातीय अभिनिवेश डोकावला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी त्यांनी जे लिहिले, त्याला केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हा ग्रंथ लिहून सणसणीत उत्तर दिले. भाषा दोन्हीकडून तिखट होती. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लेखाला उत्तर ग्रंथाने मिळाले. मंडळाचे कागद ज्यांना एकांगी वाटले त्यांनी दुसरे कागद शोधले.

यानंतर ५ जानेवारी २००४ या दिवसाची आठवण करणे भाग आहे. एका परदेशी लेखकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकातील मजकुराचा निषेध म्हणून संभाजी ब्रिगेडच्या जमावाने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसून मोडतोड केली. कपाटे फोडली गेली, पोथ्या आणि ग्रंथ विस्कटले गेले. १९१७ पासून जपलेल्या ठेव्याची काही वेळात धूळधाण झाली. त्या पुस्तकातील मजकूर आक्षेपार्ह होता की नव्हता, हा वेगळा वाद आहे. हस्तलिखितांनी तो लिहिला नव्हता. या कृत्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही, आणि बहुजनांच्या नावाने तर मुळीच नाही. जी साधने नष्ट होतील त्यांतच बहुजनांच्या पूर्वजांची नावे असू शकतात. गावच्या तंट्यात गोतसभेने केलेल्या महजरांवर पाटलाच्या नांगराच्या निशाणीबरोबर बलुतेदारांच्या साक्षी आढळतात. असा कागद फाटला म्हणजे लिहिता न येणाऱ्याने उमटवलेली एकमेव खूण नाहीशी होते.

मात्र एवढे बोलून थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगून घरी जाणे होय. ज्या तरुणांच्या हातून असे कृत्य होते त्यांच्यापैकी कितींनी त्यापूर्वी एखाद्या संशोधन मंदिराची पायरी चढलेली असते? हा आपला ठेवा आहे, त्यात आपल्याही आजा-पणजांचा वाटा आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितलेले असते काय? ज्या घराचे दार कायम लोटलेले दिसते, त्या घरात आपल्याविरुद्ध कट शिजतो असे सांगणाऱ्यावर बाहेरचा माणूस लवकर विश्वास ठेवतो. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराचीच. संशयाला जागा का राहिली याचा विचार मात्र विद्वानांनी आणि त्यांच्याइतकाच पुरोगामी चळवळीनेही करावयाचा आहे. चळवळीने इतिहासाचे क्षेत्र पंडितांचे म्हणून सोडून दिले, तेव्हा ते उत्सव मंडळांच्या ताब्यात गेले.

ओसरी रुंद करण्याचे मार्ग महाराष्ट्रात कोणी शोधलेच नाहीत असे नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खिंडी पायी तुडवल्या, धनगरांच्या वाटांवर सूक्ष्म दगडी हत्यारे वेचली, गावदेवींच्या ठाण्यांची आणि चालीरीतींची नोंद केली आणि त्यांतून प्राचीन समाजाचा मागोवा घेतला. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या त्यांच्या ग्रंथात या भटकंतीचे फळ आहे. मेंढपाळाची वाट हाही दस्तऐवज असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. सत्याग्रहांत आणि परिषदांत ज्या स्त्रिया शेकड्यांनी होत्या, त्यांची नावे तोवर कोणी विचारलीच नव्हती. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावातील कामगारांचे कथन नोंदवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते; गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिल्यावर त्यांच्या संसाराची साक्ष आता या कथनांत उरली आहे.

जाहीर व्याख्यान हेही इतिहासाचे समर्थ साधन होऊ शकते, याचे उदाहरण गोविंद पानसरे यांनी घालून दिले. ‘शिवाजी कोण होता?’ ही त्यांची पुस्तिका मुळात एक भाषण. १९८८ मध्ये ती छापली गेली, तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत ती गेली. तिची भाषा चावडीवर बसलेल्या शेतकऱ्याला समजेल अशी आहे, आणि तरीही तीत पुराव्याचा आधार सोडलेला नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. लोकांमध्ये जाऊन विवेकाने बोलणाऱ्या माणसाला या महाराष्ट्रात काय किंमत मोजावी लागू शकते, हे त्या दिवशी दिसले.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे वळले पाहिजे, कारण कार्यकर्त्याने केवळ विश्लेषण ऐकून समाधान मानू नये.

पहिले काम मोडी लिपीचे. मोडी शिकणे हा हौशी मंडळींचा विरंगुळा आहे, असा पुष्कळांचा समज होता. २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या त्या प्रश्नावर मतभेद आहेत आणि राहतील. पण आपल्या आजोबांच्या जमिनीचा वा जातीचा कागद आपल्याला वाचता येत नाही, तो वाचणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, ही अवस्था पूर्वीच्या कुळाहून फार वेगळी नाही. मोडीचे वर्ग मंडळाच्या सभागृहाबरोबरच ग्रामपंचायतीत, वसतिगृहात, आदिवासी आणि दलित वस्तीतील अभ्यासिकेत भरले पाहिजेत.

दुसरे काम गावाच्या सार्वजनिक कष्टाचा इतिहास गावानेच लिहिण्याचे. १९७२ च्या दुष्काळाचे उदाहरण घ्यावे. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. कितीतरी गावांतले पाझर तलाव, बांध आणि रस्ते त्या हातांनी झाले. त्या अनुभवाच्या पायावर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. आज त्या तलावाच्या काठी एखादा फलक असलाच तर तो उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याच्या नावाचा असतो. खडी फोडणाऱ्या बाईचे नाव नाही. तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. तिला मजुरी किती मिळाली, सुकडी कशी वाटली जाई, पाळण्यातील मूल कोणी सांभाळले, हे ती सांगू शकते. तलाठ्याच्या वा बांधकाम खात्याच्या दप्तरात हजेरीपट टिकले असतील तर त्यांवर तिचा अंगठाही सापडेल. इतिहास मंडळाने तलावाच्या काठी सभा घ्यावी, हजेरीपटाची नक्कल समोर ठेवावी, बायकांना बोलू द्यावे आणि दोन्ही नोंदी एकत्र छापाव्यात. मुळशीच्या खोऱ्यात १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तेथून आजपर्यंत ज्या ज्या खोऱ्यांत गावे बुडाली, त्या त्या ठिकाणच्या विस्थापितांच्या वसाहतीत अशी सभा होऊ शकते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कष्टकऱ्याची आठवण म्हणून ती आपोआप खरी ठरत नाही. माणूस विसरतो, दोन प्रसंग एकात मिसळतो, नको ते झाकतो, आणि पुढे ऐकलेली गोष्ट पाहिलेली म्हणून सांगतो. सरदाराच्या बखरीला जी कसोटी, तीच कामगाराच्या आठवणीला लावावी लागेल. तसे न केल्यास एका भक्तीच्या जागी दुसरी भक्ती येईल. नेत्यांच्या चुका, संघटनेतील फूट, मागे घेतलेला लढा, गावच्या विहिरीवर पुढारी म्हणवणाऱ्यांनीच घातलेली बंदी, हेही सभेत निघाले पाहिजे. जो कार्यक्रम फक्त गौरव करतो त्याला सत्कार समारंभ म्हणावे. राजवाड्यांच्या काळापासूनचा सभेत कागद वाचण्याचा आणि आक्षेप ऐकण्याचा शिरस्ता येथे उपयोगी पडतो. म्हणूनच जुन्या मंडळांना मोडीत काढण्याची भाषा योग्य नाही. त्यांची शिस्त घ्यावी आणि त्यांचे सभासदत्व रुंदावावे.

शेवटची गोष्ट थोडी बोचणारी आहे, पण ती न सांगता हा विषय पुरा होणार नाही. वंचितांच्या इतिहासाचे कागद नाहीत अशी तक्रार करणाऱ्या चळवळींनी स्वतःचे कागद कसे सांभाळले? संघटनेच्या कचेरीची जागा बदलली की सभांची इतिवृत्ते रद्दीत जातात. संपाची पत्रके, मोर्चाच्या परवानगीचे अर्ज, तुरुंगातून आलेली पत्रे, सभासद नोंदणीची पुस्तके, वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत, ही सारी एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या घरी पलंगाखालच्या ट्रंकेत असतात. तो गेल्यावर मुले घर आवरतात आणि ट्रंक भंगारवाल्याकडे जाते. सरदारांच्या वंशजांनी सनदा जपल्या, कारण त्यांत वतन होते. चळवळीच्या कागदांत कोणाचेही वतन नाही, म्हणून ते कोणीच जपत नाही. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक या काळाचा इतिहास लिहावयास बसेल तेव्हा त्याला मालकांचे ताळेबंद मिळतील, पोलिसांचे गुप्त अहवाल मिळतील, वृत्तपत्रांच्या जाहिराती मिळतील. मजुरांनी रात्री जागून काय ठरवले होते, हे त्याला मालकाच्या आणि पोलिसाच्या शब्दांत वाचावे लागेल.

हे टाळणे कठीण नाही. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी या वर्षात एक ट्रंक उघडावी. आतील कागदांची यादी करावी, त्यांवर तारीख आणि ठिकाण लिहावे, छायाप्रती काढाव्यात आणि एक संच जवळच्या इतिहास मंडळाच्या स्वाधीन करून त्याची पोच घ्यावी. मंडळाने तो घेण्यास काकू केले तर सभासद होऊन, वार्षिक सभेत उभे राहून कारण विचारावे. आणि त्या कागदांच्या पहिल्या वाचनाच्या दिवशी, ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांना, ते हयात असतील तर पुढच्या रांगेत बसवावे. त्यांनी आक्षेप घेतला तर तोही छापावा.